कोनशिलांचा पूल

मुरगूडचे खिजरचाचा दगडावर नावं कोरतात. आमदार रणधीरबाबांची कारकीर्द त्यांच्याइतकी कुणालाच पाठ नाही. आमच्या ओढ्यावरच्या पुलाचं भूमिपूजन बाबांनी चार निवडणुकांत चारदा केलं, दर वेळी नव्या पक्षातून. आम्हीही चारदा टाळ्या वाजवल्या, लाज नाही आम्हाला. पक्ष बदलला की जुन्या कोनशिलेवरचे नेते बाबांच्या डोळ्यांत खुपायचे. मग कार्यकर्ते ती उपटून ओढ्यात टाकायचे आणि चाचा नवी कोरायचे. पूल अजून कागदावरच आहे.

यंदा बाबा फिरून पहिल्या पक्षात आले. आता पहिलीच कोनशिला चालतेय म्हणून कार्यकर्ते चाचांना घेऊन ती काढायला ओढ्यात उतरले. तिच्यावर दुधाची किटली घेऊन धोंडुबाई उभी होती. ती रोज याच चार दगडांवरून पलीकडं डेअरीला जाते.

"हात लावू नका," ती म्हणाली. "बाबांनी एवढाच पूल बांधलाय. तेवढा तरी ऱ्हाऊ द्या."

मग ती चाचांकडं वळली.

"तुम्ही नवीच कोरा. बाबांच्या नावाची अक्षरं तेवढी खोल काढा. हितली झिजल्यात, पाय घसरतोय."