दोन टोकांचं गाणं

रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालण्यात तिची बावीस वर्षं गेली, म्हणून सगळे तिला घडीमावशी म्हणत. चादरीचं दुसरं टोक नणंदेच्या हातात असे. दोघी मागे सरून चादर ताणायच्या, मग पुढे येऊन टोकं जुळवायच्या. त्या तालावर मावशीनं एक स्तुतिगीत रचलं. मागे सरताना ती विचारायची, "कोणी धरलं मला?" पुढे येताना नणंद ठणकावून सांगायची, "तूच, प्रभू, तूच!"

नणंदेच्या मुलीनं ते फोनवर टिपून घेतलं आणि गाणं जे सुटलं ते चार गावच्या मंडळ्यांत जाऊन पोचलं. तरुणांनी त्याला गिटार जोडली, ड्रम जोडले. पण मावशीच्या स्वतःच्या चर्चमध्ये त्यावरून दोन तट पडले. चाळीस वर्षं उपासनेत पेटी वाजवणारे मास्तर तर खवळलेच.

"एकच ओळ आठ वेळा? देवाला काय कमी ऐकू येतं?"

"देवाला नाही हो मास्तर, वन्संना!" मावशी म्हणाली.

नणंद फणकारली, "माझे कान शाबूत आहेत, वहिनी. ती धुलाईची यंत्रं किती ओरडतात, ते सांगा की!"

शेवटी पाळकसाहेबांनी तोडगा काढला. एका रविवारी गाणं म्हणून बघायचं. निम्मी मंडळी गप्प राहिली तर उपासनेत ते पुन्हा नाही. मावशीला धड लिहिता येत नव्हतं, चारचौघांत प्रार्थना करायला जीभ रेटत नव्हती. देवापुढे ठेवायला स्वतःचं असं तिच्याकडे एवढंच होतं.

रविवारी डावीकडच्या बाकांवरून तरुणांनी सुरुवात केली ती घोडं उधळल्यासारखी. प्रश्नही तेच विचारत, उत्तरही तेच देत. उजवीकडची म्हातारी मंडळी ओठ मिटून उभी. ऐकता ऐकता मावशीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, ही पोरं चादरीची दोन्ही टोकं एकटीच धरून बसली आहेत! मग समोरच्यानं करायचं काय?

ती तडक मधल्या वाटेत जाऊन उभी राहिली. "थांबा रे! तुम्ही नुसतं विचारा. सांगतील हे उजवीकडचे. आणि जरा दमानं घ्या."

पोरांनी हळू विचारलं, "कोणी धरलं मला?"

उजवीकडून मग सवयीनं एकटी नणंदच ओरडली, "तूच, प्रभू, तूच!" लोक हसले. पुढच्या खेपेला चारपाच आवाज निघाले.

मावशीनं स्वतःच प्रश्न बदलला, "खाटेवरून कोणी उठवलं मला?"

उजवीकडे पेटीशी बसलेले मास्तर गेल्या वर्षी महिनाभर रुग्णालयात पडून होते. त्यांनी मान खाली घातली, भाता ओढला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तूच, प्रभू, तूच."

मग काय! उजवी बाजू अशी पेटली की ड्रम ऐकू येईनात. मास्तरांनी पेटीवरून मान वळवून डावीकडे पाहिलं. "आता आम्ही विचारणार! सांगा बघू तुम्ही!"

पाळकसाहेबांनी निकाल सांगायला दोनदा तोंड उघडलं, पण त्यांच्याकडे बघतंय कोण? मग त्यांनी हातातला मोजणीचा कागद खिशात घातला, डावीकडच्या पोरांत जाऊन उभे राहिले आणि उत्तर द्यायला छातीभर श्वास घेतला.