चहा न सांडणारी खिडकी

कपडे मशीनला लावायच्या आधी सून माझे खिसे उलटे करते. स्क्रू, चुका, पेन्सिलीचा तुकडा, कधी सागाची ढलपी. "बाबा, तुम्ही कामाला जाता की हार्डवेअरचं दुकान लुटायला?" असं विचारते. मी काय सांगणार? मुद्दाम कोणी ठेवत नाही. काम करताना हातात जे उरतं ते खिशात जातं. किस्सेही असेच साठतात. मग एखाद्या शुक्रवारी चार माणसं बसली की खिसा उलटा करायचा.

मी इकडे आखातात अल मनखूलला मुलाकडे राहतो आणि अल क्वोजच्या एका वर्कशॉपमध्ये जुन्या घरांच्या लाकडी खिडक्या दुरुस्त करतो. बरोबर इब्राहिम. तो दापोलीकडचा, मी श्रीवर्धनचा. तिकडे आमच्यामध्ये खाडी होती. इथे एकच डबा आहे. तिसरा शाजी, केरळचा. तो पिकअप चालवतो आणि आमचं सगळं मराठी समजत असून समजत नाही असं दाखवतो.

हे किस्से शारजातल्या एका खिडकीचे आहेत.

* * *

घर जुनं, समुद्रातल्या दगडांच्या भिंतींचं. मालकीण उम्म खालिद. वय विचारायची सोय नाही, पण तिचा मुलगा खालिदच आजोबा झालेला. ती मुलाच्या नव्या व्हिलात राहायची आणि रोज म्हणायची, मला माझ्या घरी न्या.

तिच्या खोलीत एकच खिडकी. आपल्यासारखी दोन दारांची नाही, खाली-वर सरकणारी. तिच्या वडिलांनी ती मुंबईहून होडीतून आणवलेली. वाळवी लागली, दोऱ्या कुजल्या, आणि झडप एकदा खाली आली ती आलीच.

खालिदने आम्हांला अंगणात बोलावून हळूच सांगितलं, "चाचा, अ‍ॅल्युमिनियमचीच बसवणार होतो. आई ऐकत नाही."

आई मागे खुर्चीवर होती. तिला सगळं ऐकू येत होतं. जुन्या लोकांचं हिंदी असतं तसं तिचं हिंदी. म्हणाली, "मेरा दरीशा मैं खोलेगा. तू नहीं, नौकर नहीं. मेरे हाथ से खुला तो इधर रहेगा. नहीं खुला, खलास, तेरे घर में मरेगा."

दरीशा म्हणजे खिडकी.

खालिदने आम्हांला तिचे हात दाखवले. बोटांची पेरं सुजून वाकडी झालेली. "सकाळी तिला चहाचा कप उचलत नाही," तो म्हणाला. "आता तुम्हीच बघा."

इब्राहिम परतताना गाडीत मापं लिहीत होता. मग म्हणाला, "म्हादबा, ही खिडकी आपण लाकडासाठी नाही, त्या बोटांसाठी करायची."

* * *

इब्राहिमची एक पद्धत आहे. सरकती खिडकी बसवून झाली की झडपेच्या खालच्या पट्टीवर काळ्या चहाचा काठोकाठ भरलेला पेला ठेवायचा आणि झडप वर न्यायची, खाली आणायची. चहा सांडला तर खिडकी नापास. पुन्हा उतरवायची, पुन्हा रंधा.

एकदा एका गोऱ्या बाईच्या घरी ही परीक्षा चालली होती. बाई हात जोडून बघत राहिली. झडप वर गेली, खाली आली, थेंब नाही. बाईला वाटलं हा आपला काही धार्मिक विधी आहे. तिने चपला काढल्या.

इब्राहिमने गंभीरपणे पेला उचलून तिच्या हातात दिला. बाईने तो प्रसादासारखा घेतला आणि एका दमात प्यायली.

शाजी दाराशी उभा होता. परीक्षेचा चहा नेहमी त्याचा असतो. तो अजून त्या बाईचं नाव काढत नाही.

* * *

या खिडक्यांची गंमत चौकटीच्या पोटात असते. दोन्ही बाजूंना पोकळ खोके, वर कप्पी, कप्पीवरून दोरी. दोरीच्या एका टोकाला झडप, दुसऱ्या टोकाला वजन. झडप वर गेली की वजन आत खाली जातं. झडप खाली ओढली की वजन वर येतं. वजन बरोबर असेल तर झडपेला भारच नसतो.

उम्म खालिदच्या खिडकीचं डावं खोकं उघडलं तर आत लोखंडी वजन, लांबट, गंजलेलं. उजवं उघडलं तर आत दगड. वरच्या बाजूला भोक पाडलेला, गुळगुळीत.

"या खिडकीला कोणीतरी आपल्यासारखाच भेटलेला दिसतो," इब्राहिम म्हणाला. "वजन मिळेना, बांधला दगड. यल्ला, काढ."

आम्ही मापाने नवीन जोडी करून घेतली. दोन्ही सारखी, सुबक. दगड मात्र फेकवेना. इतका गुळगुळीत दगड फेकायचा म्हणजे जिवावर येतं. मी तो अल क्वोजला नेला आणि वर्कशॉपच्या दाराला लावला. ते दार वाऱ्याने सारखं आपटायचं. दगड लावल्यापासून गप्प झालं.

दुसऱ्याच दिवशी शाजीच्या पायाचा अंगठा त्याला लागला. शाजी मल्याळममध्ये काय काय बोलला ते कळलं नाही. पण इब्राहिम म्हणाला, "बोल बोल. इतकी वर्षं खोक्यात एकटा होता बिचारा. कोणी बोललंच नसेल त्याच्याशी."

* * *

झडप दुरुस्त करून पिकअपमध्ये उभी बांधली आणि शारजाला निघालो. त्या रस्त्याचा जॅम सांगायला नको. माणसं गाडीत दाढी करतात.

शेजारच्या गाडीतला एक माणूस बराच वेळ झडपेकडे बघत होता. शेवटी काच खाली करून हिंदीत म्हणाला, "भाई, इतनी पुरानी खिडकी को कौन ठीक कराता है?"

शाजी म्हणाला, "एक अम्मा है."

"नई क्यों नहीं लेती?"

शाजीने विचार केला. पुढची गाडी हलली, आम्ही हललो नाही. मागे हॉर्न सुरू झाले. शाजी म्हणाला, "तुम्हारा अम्मा किधर है?"

तो माणूस म्हणाला, "मुलतान में."

"फोन किया आज?"

त्याने काच वर केली. पुढे जॅममध्ये दोनदा तो आमच्या बाजूला आला. दुसऱ्या वेळी फोनवर बोलत होता.

* * *

इब्राहिमची बायको हमीदा गावी असते. एकदा तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा आम्ही झडप बसवून बघत होतो. इब्राहिमने हौसेने फोन फिरवून दाखवलं. "बघ, एका बोटाने वर जाते. आजीबाईसाठी केलीय."

हमीदा म्हणाली, "माशाल्ला. फार छान. आता इकडे बघा." आणि तिने तिकडून फोन फिरवला. स्वयंपाकघराची खिडकी. एक दार बिजागरीतून सुटलेलं, नायलॉनच्या दोरीने गजाला बांधलेलं. "शारजाच्या आजीची बोटाने उघडते. मी लाटण्याने उघडते."

मी फोनसमोरून बाजूला झालो. सुताराच्या घरचं सुताराने बघू नये.

इब्राहिम म्हणाला, "येतो ना. इन्शाल्ला, ही झाली की येतो."

"ही झाली की ती. ती झाली की आणखी कोणाची." पण ती रागावली नव्हती. थोड्या वेळाने म्हणाली, "ती आजी जेवते का नीट?"

* * *

परीक्षेचा दिवस आला. घरातले सगळे जमले. इब्राहिमने पेला ठेवला, झडप वर नेली, खाली आणली. थेंब नाही. शाजी चहा प्यायला. मग उम्म खालिदला आणलं.

तिने दोन्ही तळवे पट्टीखाली घातले. झडप सरसर वर गेली. खालिदने टाळ्या वाजवल्या.

उम्म खालिदने हात काढून घेतले. हाताकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. म्हणाली, "बहुत अच्छा है. लेकिन मेरा नहीं है."

"यम्मा, तीच आहे," खालिद म्हणाला.

"मेरा दरीशा मेरे को थोड़ा रोकता था. ये तो अपने आप भागता है." मग तिने उजव्या बाजूच्या चौकटीला कान लावला आणि इब्राहिमला विचारलं, "पत्थर किधर है?"

इब्राहिमने माझ्याकडे पाहिलं. मी शाजीकडे. शाजीने आपल्या अंगठ्याकडे.

तिने सांगितलं ते असं. वडील समुद्रात बुडी मारून मोती काढायचे. पायाला दगड अडकवून खाली जायचं. वर होडीत दोरी धरून एक माणूस. श्वास संपत आला की खालून दोरी हलवायची, वरचा माणूस ओढून घ्यायचा. तेवढ्या वेळात जे हाताला लागेल ते. पुढे त्यांचे कान गेले, काम सुटलं. मुंबईची खिडकी आली तेव्हा तिचं एक वजन वाटेत कुठे पडलेलं. वडिलांनी पायाचा दगड घासून मापाचा केला आणि आत बांधला. ती तेव्हा लहान होती. झडप वर करायचं काम तिचं.

"मेरे को बोलता था, दोरी तेरे हाथ में है," ती म्हणाली आणि उठून अंगणात जाऊन बसली. खालिद गाडीची किल्ली हातात घेऊन उभा राहिला. आईला परत न्यायचं की थांबायचं, त्याला समजेना.

"शाजी," इब्राहिम म्हणाला, "पिकअप काढ."

त्या दिवशी अल क्वोजला वर्कशॉपचं दार परत आपटायला लागलं.

* * *

दगड आणला, पण तो आमच्या नव्या वजनापेक्षा हलका. जुनं लोखंडी वजन त्याच्या जोडीचं, तेही तसंच. म्हणजे ती परत लावायची तर झडप जड होणार. चहाचा कप न उचलणाऱ्या हातांना जड. एका बाजूला जास्त लोखंड घालावं, तर झडप तिरकी होऊन अडकते. दगडाला आणखी काही बांधावं, असं मी म्हणालो. इब्राहिम म्हणाला, "त्या माणसाच्या पायाला आपण वजन वाढवायचं?"

मग मी रंधा हातात घेतला.

झडपेचं लाकूडच हलकं करायचं ठरलं. आतल्या, न दिसणाऱ्या बाजूने मी रंध्याने कागदासारख्या साली काढत गेलो. इब्राहिम खाचेत मेणबत्ती घासत होता. घासायचा, बोट फिरवायचा, परत घासायचा. "बस झालं," मी म्हणालो की म्हणायचा, "तुझ्या बोटाला बस झालं. तिच्या नाही." नंतर मीच बोटं वाकडी करून, तळव्यानेच झडप ढकलून बघायला लागलो. इब्राहिमने ते पाहिलं. हसला नाही. त्यानेही तसंच केलं.

* * *

उम्म खालिद आली. इब्राहिमने सवयीने पट्टीवर पेला ठेवलेला. तिने तो उचलायला लावला. इब्राहिमने तो शाजीच्या हातात दिला.

"कोई हाथ नहीं लगाएगा," म्हणाली.

तळवे पट्टीखाली घातले. झडप हलली. थोडी वर आली आणि थांबली. तिचे दंड कापत होते. खालिद पुढे झाला. इब्राहिमने त्याचं मनगट धरलं. मालकाचं मनगट असं कोणी धरत नाही, पण त्याने धरलं आणि खालिदनेही सोडवून घेतलं नाही.

मी लाकडाकडेच बघत होतो. माणसाकडे बघवत नव्हतं.

ती काहीतरी पुटपुटली आणि झडप पुन्हा हलली. हळूहळू, जिथवर जायची तिथवर गेली. चौकटीच्या पोटात दगड तळाला टेकल्याचा आवाज आला. बाहेरून खाडीचा वारा आत आला. खारट, गार. पडदा तिच्या खांद्यावर आला. घरातली लहान पोरं पणजीभोवती ओरडायला लागली, "यद्दा, यू डिड इट!" खालिद भिंतीकडे तोंड करून उभा होता.

ती मात्र बाहेर बघत नव्हती. कान उजव्या बाजूच्या चौकटीला, डोळे मिटलेले, ओठ घट्ट.  पोरं तिच्याकडे बघायला लागली. मग माझ्या लक्षात आलं की तिने श्वास धरलाय.

थोड्या वेळाने तिने मोठा श्वास सोडला, दोन्ही हातांनी पट्टी धरली आणि खिडकी खाली ओढून बंद केली. आत दगड वर आला.

"यम्मा," खालिद म्हणाला, "राहू दे ना उघडी. किती छान वारा येतोय."

ती आपल्या खुर्चीवर टेकली. धाप लागलेली, पण चेहरा एखाद्या मुलीसारखा.

"कितना टाइम नीचे रखेगा उसको?" ती म्हणाली. "साँस कितना है?"