आबांची उलटी बेरीज

जन्मभर शाळेत पोरांना बेरीज शिकवली आणि निवृत्त झाल्यावर सख्ख्या नातीची बेरीज बिघडवली.

नात पुण्यात, दुसरीत. मी भडगावात, एकटा. बायको गेल्यापासून घरात बोलणारा म्हणजे कुकर, आणि तोही तीन शिट्ट्यांत गप्प होतो. त्यामुळे सुनेने विचारलं, "आबा, हिला हातच्याची बेरीज जमत नाही, संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर शिकवाल?" तेव्हा मी जरा आढेवेढे घेतले. (म्हणजे लगेच हो म्हणालो.) दुपारपासूनच इस्त्रीचा सदरा चढवून बसू लागलो.

पहिल्याच दिवशी सत्तावीस, त्याखाली पंधरा मांडून पाटी फोनसमोर धरली. बघतो तर आकडे उलटे! एकक डावीकडे, दशक उजवीकडे. पोरीलाही असंच दिसत असणार, म्हणून मी पाटीवरच उलटं लिहायला लागलो. (पाच उलटा काढून बघा, घाम फुटतो.) त्यासाठी सकाळी सराव करायचो. शेजारच्या नानांनी डोकावून विचारलं, "गुरुजी, हाई उलटं का बरं लिखी राह्यनात?" मी त्यांना कॅमेऱ्याचं शास्त्र समजावलं. ते मान डोलवत गेले.

नात आज्ञाधारक. शाळेच्या चाचणीत तिने सगळा पेपर उलटा लिहिला. बाईंनी माझ्या मुलाला बोलावून पोरीचे डोळे तपासायला सांगितले. डोळे ठणठणीत निघाले. डॉक्टरांनी असं कोणी शिकवलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "आबांनी."

मुलाचा फोन आला. "आबा, उलटं फक्त तुमच्याच फोनवर दिसतं. तिला सरळ दिसतं." मग म्हणाला, "आता राहू द्या. शाळेत शिकेल ती."

त्या संध्याकाळीही मी सदरा घालून बसलो. फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. खोटं कशाला बोलू, फार एकटं वाटलं.

आठवड्याने नातीनेच फोन लावला. "आबा, मला बाईंनी नीट शिकवलंय. तुमचं कच्चं आहे. आता मी तुम्हाला शिकवणार."

तेव्हापासून रोज वर्ग भरतो. माझ्या या बाई कडक आहेत. काल माझ्या हातून नकळत सगळी गणितं बरोबर सुटली.

"शाब्बास, आबा! आलं तुम्हाला. उद्यापासून सुट्टी."

"बाई, एक राहिलंय," म्हणालो, आणि त्यात झटकन हातचा विसरलो.

बाईंनी कपाळावर हात मारला आणि मला पुन्हा एक अधिक एकपासून बसवलं.