दोन उत्तर ध्रुव आणि माझा पलंग

आमच्या घरात मी गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं वाचली. बाबा कसबा पेठेत एका छोट्या छापखान्यात होते; मोर्चा कुणाचाही असो, उरलेली पत्रकं घरी यायची. त्यामुळे मला साधं 'मला वाटतं' असं लिहिता येत नाही. मी थेट जाहीर निषेध करते.

कात्रजला राहायला आल्यावर निषेध झाला तो पलंगावरून. माझी खोली इतकी अरुंद, की पलंगाची उशाकडची बाजू उत्तरेला ठेवली तरच खिडकीखाली लिहायचं टेबल बसायचं. मग आईच्या मोबाइलवर कुणीतरी विज्ञान पाठवलं: उत्तर ध्रुव रक्तातलं लोह चुंबकासारखं ओढतो.

"तुझं हिमोग्लोबिन कमी का, कळलं?" मोबाइलमधलं होकायंत्र माझ्या उशीवर ठेवत आई म्हणाली. "सगळं लोह डोक्यात गेलंय. म्हणून ते सारखं तापतं. टेबल हलव."

संध्याकाळी मी फ्रिजवर पत्रक चिकटवलं: 'उत्तर नेमकी कुठली? तमाम कुटुंबीयांना आवाहन!' पृथ्वी ज्या टोकाभोवती फिरते तो ध्रुव वेगळा, होकायंत्र दाखवतं तो चुंबकीय ध्रुव वेगळा. हा दुसरा तर कॅनडा सोडून सायबेरियाच्या दिशेने निघालाय. अशा भटक्याच्या भरवशावर टेबलाचं विस्थापन आम्ही खपवून घेणार नाही!

आईने चष्मा लावून सगळं वाचलं. "पुण्यात या दोन उत्तरांत फरक किती पडतो?"

मी शोधलं. एक अंशसुद्धा नाही.

"मग पलंग तेवढा बोटभर सरकवू का?"

मी शेवटचं अस्त्र काढलं. चुंबकाचं उत्तर टोक दुसऱ्या चुंबकाच्या दक्षिण टोकाकडे ओढलं जातं. होकायंत्राच्या सुईचं उत्तर टोक ज्याच्याकडे वळतं, तो पृथ्वीच्या उत्तरेतला ध्रुव चुंबक म्हणून दक्षिणच आहे. "म्हणजे माझं डोकं दक्षिणेकडेच आहे!"

आई उठून आतल्या खोलीत गेली. "अहो, उठा. इतकी वर्षं आपणच उलटे झोपतोय."

बाबांनी आणि मी मिळून त्यांचा डबलबेड फिरवला. बाबा धापा टाकत म्हणाले, "पुढच्या वेळी पत्रक लावण्याआधी मला प्रूफ दाखव."

टेबल वाचलं. पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या आणि आई त्यांना कौतुकाने सांगू लागली, "आमच्या लेकीनेच शोधून काढलं. डोकं उत्तरेलाच हवं." काकूंनी लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाइप करायला घेतलं. अंधश्रद्धेविरुद्ध लढता लढता मी नवी कोरी अंधश्रद्धा काढली होती, तीही शास्त्रीय आधारासकट. टेबल गेलं तरी चालेल, हे चालणार नव्हतं.

"थांबा!" मी ओरडले. "रक्तातलं लोह असं खेचलं जातच नाही. काही फरक पडत नाही, डोकं कुठेही करा!"

"कुठेही?" आईने विचारलं.

"कुठेही!"

"नक्की?"

"लिहून देते."

"मग दक्षिणेला कर की. तुझं काय अडलंय?"

काकूंनी टाइप करणं थांबवलं. बाबांनी पेपर तोंडासमोर धरला. पेपर गदगदत होता.

टेबल स्वयंपाकघरात आलं. आता मी तिथेच लिहिते. आई शेजारी मटार सोलत बसते आणि मान वाकडी करून वाचते. या मजकुरातली निम्मी उद्गारचिन्हं तिने काढायला लावली. उरलेल्यांसाठी मी अजून भांडतेय.