तवंग पाहणारे भाऊ

धान कापणी आटोपत आली होती, त्या आठवड्यात नागभीडबाहेर डिझेलचा टँकर उलटला. डिझेल नाल्याला लागलं आणि नाल्यातून गावालगतच्या तलावात उतरलं. दोन-चार दिवसांत तलावाच्या कडेनं ठिकठिकाणी रंगीत तवंग लोकांच्या नजरेत भरू लागला आणि बाजारानं तिथला मासा घेणं बंद केलं. उपग्रहवाले भाऊ तेव्हा सुटीवर घरी आले होते.

ऐंशीच्या दशकात भाऊ नागपूरच्या एका कार्यालयात उपग्रहानं टिपलेली चित्रं वाचत. त्यांच्या टेबलावर समुद्र असे. जहाजातून सांडलेलं तेल कुठे पसरलं, कुठे सरकलं, हे भिंगाखाली शोधायचं, हे त्यांचं काम. पण ‘तेल’ हा शब्द ते तोंडातून काढत नसत. “डाग दिसते,” एवढंच म्हणत. घरीही तेच. वहिनींनी चिरलेलं वांगं पुढे धरून विचारलं, “किडलं का हे?” तर उत्तर येई, “डाग आहे.”

“मंग भाजी करू का उपग्रहाले पुसू?” वहिनी म्हणत.

त्यांचं घर आमच्या शेजारी. मी नागपूरच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत असे, म्हणून एकदा त्यांनी मला या सावधपणाचं कारण सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला एका बेटालगतचा गुळगुळीत पट्टा त्यांनी तेल म्हणून कळवला होता. मच्छीमारांच्या होड्या किनाऱ्यावर अडवल्या गेल्या. पाहणीला गेलेल्यांना स्वच्छ पाणी सापडलं. तेलामुळे बारीक लाटा दबतात. आडोशाला वारा पडला तरी दबतात. वरून दोन्ही सारखंच दिसतं. “आपल्या तलावात पाळीच्या, बांधाच्या आडोशाले पानी असंच निपचित राह्यते,” भाऊ म्हणाले. “लहानपनापासून पाह्यलं, अन् तिथी टेबलावर इसरलो.”

भाऊंच्या बैठकीत बुद्धाच्या तसबिरीशेजारी जिल्ह्याचं एक उपग्रहचित्र लावलेलं होतं. त्यात जंगल लाल आणि पाणी काळं. टँकर उलटल्यावर तलावात मासेमारी करणाऱ्या ढिवरांची माणसं ते पाहायला आली. पुढे सखूबाई होत्या. तलावाचे कोपरे ढिवर कुटुंबं दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटून घेत, आणि त्या वर्षी नाल्याच्या तोंडाचा कोपरा सखूबाईंना आला होता. ताज्या पाण्यावर मासा येतो, म्हणून तो सगळ्यांत चांगला कोपरा. घर त्याच्यावरच चालायचं होतं.

“भाऊ, तुमचं यंत्र वरून पाह्यते मनता, तं सांगा न, तेल कुठी आहे?”

“बाई, हा फोटो मागच्या साली घेतलेला आहे. टँकर आत्ता उलटला.”

“मंग नवा मांगवा!”

“नव्यात बी तुमचा तलाव म्हंजे दोन-चार ठिपके. दीड एकराचा एक ठिपका. त्यात तवंग कुठचा दिसन?”

“काऊन लटकवला मंग भित्तीले?” सखूबाई म्हणाल्या. माणसं हसली. भाऊही हसले आणि चपला घालून त्यांच्याबरोबर तलावावर निघाले. मीही त्यांच्यामागे.

पाळीजवळ त्यांनी एक काडी मोडून घेतली आणि तवंगावर ओढली. तवंग पापडासारखा तडकला. तुकडे सुटे राहिले, पुन्हा जुळले नाहीत. “हा जमिनीतल्या लोहाचा. साचल्या पान्यावर येते. टँकरातलं असं फुटत नाई.” अशी चाचणी करत ते पूर्ण काठ फिरले. शेवटी नाल्याच्या तोंडाशी आले. तिथे काडी ओढली, तर तवंग दुभंगला आणि लगेच पुन्हा जुळला. भाऊंनी पाण्यात हात घालून वास घेतला.

“हे तेल आहे,” ते म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

“माह्याच कोपऱ्यात?”

“हो बाई. इथी जाळं नका टाकू.”

“साऱ्या तलावाले सोडलं अन् मलेच धरलं तुमी,” असं म्हणून सखूबाई पाठ फिरवून गेल्या.

बाजाराचे व्यापारी आले, त्यांनाही भाऊंनी काडी ओढून दाखवली. बाकी तलावाचा मासा उचलला गेला. सखूबाईंनी तो हंगाम दुसऱ्यांच्या शेतात, बांधीत मजुरी केली. त्या भाऊंच्या घरावरून जात, पण बोलत नसत.

पुढच्या वर्षी भाऊंची किनाऱ्यावरच्या कार्यालयात बदली झाली. ढिवरांनी चिठ्ठ्या टाकल्या, त्यात नाल्याच्या कोपऱ्याची चिठ्ठी नव्हती. बुडालेल्या हंगामाची भरपाई म्हणून तो सखूबाईंकडेच ठेवला होता. मात्र त्या जाळं टाकेनात. दिवाळीला भाऊ आल्याचं कळलं, तेव्हा त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “चला,” एवढंच म्हणाल्या.

कोपऱ्यात पातळ तवंग होता.

“डाग दिसते न, भाऊ?”

“दिसते.” त्यांनी काडी ओढली. तवंग तडकला, तुकडे सुटे राहिले. भाऊंनी हात बुडवून वास घेतला, पुन्हा बुडवला, पुन्हा घेतला. मग हात सखूबाईंच्या पुढे धरला. त्यांनीही हुंगून पाहिला.

“तेल नाई,” भाऊ म्हणाले.

सखूबाईंनी जाळं टाकलं. भाऊ त्याच आठवड्यात किनाऱ्यावर परत गेले आणि पुढे तिकडेच राहिले. त्या तलावावर ढिवर आजही जाळं टाकण्याआधी पाण्यावर काडी ओढून पाहतात.