सांडपाण्याची पाटी

आमची वसाहत म्हणजे साखर कारखान्याच्या कामगारांची सहकारी गृहनिर्माण संस्था. त्या वर्षी दुष्काळामुळे ऊस नव्हता, म्हणून कारखाना बंद होता. बाग मात्र चालू होती. बाग म्हणजे एक मोकळा प्लॉट, फळी नसलेला झोपाळा आणि कडुलिंबाची चार रोपं. पाण्याचा टँकर दर चौथ्या दिवशी यायचा. बायका भांडी घासलेलं पाणी बादलीत धरून ठेवायच्या, संध्याकाळी रोपांना घालायच्या आणि तिथंच गप्पा मारत बसायच्या. टोकाचं रोप माझ्या आईनं लावलं होतं, मला कॉलेजात प्रवेश मिळाला त्या दिवशी. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

शेवटच्या घराच्या मोरीचा पाइप बागेत सुटत होता. संस्थेच्या चेअरमनकाकांनी मला बोलावलं.

"मीटिंगमधी ठराव झालाय. पाटी लिही. शिकल्यासारखी लिही."

मी दोनदा कच्चं लिहून पाहिलं आणि मग रंगवलं : 'उद्यानात सांडपाणी टाकण्यास सक्त मनाई आहे.' अक्षर सगळ्यांना आवडलं.

पाइप तसाच राहिला. त्या घरातले गृहस्थ म्हणाले, "आमी कुठं टाकतो? ते आपलं आपण जातंय."

आठवड्यानं पाहिलं तर आईच्या रोपाची पानं गळाली होती. बागेत कुणी बसतही नव्हतं. हातात बादली नसेल तर बाईमाणसानं नुसतं बसायला कसं यायचं?

"आई, रोपाला पाणी कावून न्हाई घातलं?"

"पाटी हाय न्हवं? शेजारणीनं वाचून दाखिवली. सांडपानी टाकायचं न्हाई."

"अगं, ते मोरीचं!"

"भांड्याचं बी सांडपानीच की. आन् तूच लिवलंस. शिकल्याली तू. कायतरी धरूनच लिवलं आसशील."

मी जाऊन नखानं रोपाचं खोड खरवडलं. आत अजून हिरवं होतं.

पाटी बदलू का विचारलं, तर चेअरमनकाका म्हणाले, "ठराव हाय. पुढच्या मीटिंगबिगर खोडता येत न्हाई. खाली जागा आसंल तर लिही."

मी खाली दाटीवाटीनं लिहिलं : 'भांड्याचं पाणी रोपांना घालावं.'

आईला तिथं नेऊन वाचून दाखवलं. तिनं बादली उचलली, दोन पावलं गेली आणि थांबली.

"आन् आंघुळीचं?"

पाटीवर जागा उरली नव्हती.

"घाल," मी तोंडीच सांगितलं.