हरीच्या हातावरचे तीन ठिपके

माझी आई राधाबाई कुणावर चटकन विश्वास ठेवणारी नव्हती, आणि मी तिचीच लेक, म्हणून मलाही लोक खवट म्हणतात. म्हणू देत. माझा मोठा भाऊ शंकर चौपन्न साली जत्रेतून हातावर मारुती गोंदवून आला. त्या मेल्या गोंदणाऱ्यानं एकच सुई दिवसभर अख्ख्या गावाला टोचली होती. आठव्या दिवशी शंकरची दातखीळ बसली, दहाव्या दिवशी तो गेला. त्यानंतर गोंदणाचं नाव काढलं तरी आई अंगावर धावून यायची.

आणि पाच वर्षांनी तीच बाई धाकट्याचा हात गोंदवायला निघाली! हरिश्चंद्र, आमचा हरी, मालवणात मचव्यावर खलाशी म्हणून लागणार होता. मंगळूरची कौलं मुंबईला पोचवायची. बुडालेला माणूस किनाऱ्याला लागला तरी तोंड ओळखू येत नाही, मासे आधी तेच खातात. म्हणून खलाशी दंडावर नाव घालून घेत. आईचं मागणं एवढंच होतं, की काही वाईट झालंच तर हरीला बेवारशी म्हणून कुणी वाळूत पुरू नये.

"आये, माझा मढा आताच बांधून ठेय मगे," हरी हसून म्हणाला. आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मला घेऊन कुडाळच्या बाजाराला निघाली.

तिथं एकाची सुई गंजलेली, दुसरा दारू प्यायलेला, तिसरी शाई कशाची ते सांगेना. चार बाजार हिंडून माझ्या पायांचे तुकडे पडले. शेवटी कसालला तुळसा भेटली. ही बाई चहावाल्याच्या टोपात सुया उकळून घ्यायची आणि काम झालं की सुई सगळ्यांदेखत मोडून टाकायची. आई एक अख्खी दुपार तिच्याजवळ बसून राहिली, मोडलेली एकेक सुई मोजत.

पुढच्या बाजारी हरीला घेऊन गेलो. मी पाटीवर ठळक लिहून नेलं होतं: हरिश्चंद्र. तुळसेनं ते बघितलं आणि पाटी परत माझ्या हातात दिली.

"बाय, माका लिवूक-वाचूक येणा नाय. बघून बघून घालतंय. पण ही एकमेकात गुंतलेली अक्षरा माझ्यान चुकतली. खोटा कशाक सांगू?"

मला वाटलं, आता आई उठते. ती तर मांडी घालून बसली.

"चुकतला म्हणान सांगणारी तूच पयली गावलंस," ती म्हणाली. "नुसता 'हरी' घाल. आणि खाली तीन ठिपके. एक माझो, एक शंकरचो, एक ह्या काशीचो," म्हणत तिनं माझ्याकडे बोट केलं.

पाच दिवसांत जखम सुकली. तोवर आई रोज त्याचा दंड हुंगून बघत होती.

दिवाळीनंतरच्या वादळात मचवा बुडाला. बाराव्या दिवशी निरोप आला, शिरोड्याला मढं लागलंय, दंडावर 'हरी' आहे. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो, तर अग्नी देऊन झाला होता. त्याच मचव्यावर शिरोड्याचाही एक हरी होता, दंडावर तेच नाव गोंदवलेला, हे आम्हाला तिथं कळलं. त्याची आई सावित्री घरापुढच्या खळ्यात बसली होती. तिनं माझ्या आईचे हात धरले.

"माझो हरी घराक तरी इलो गो. तुझो पण येतलो. नाव कसा लख्ख होता! खाली तीन ठिपके तेवढे नवीन. मुंबैत घालून घेतल्यान आसतले."

माझं तोंड उघडलं. आईनं माझं मनगट असं दाबलं की कचकन बांगडी फुटली. सावित्री एकदम आईकडे बघायला लागली.

"तुझ्या हरीक होते काय गो ठिपके?"

"नाय," आई म्हणाली. "नुसता नाव."

रस्त्यावर आल्यावर मी तिच्यावर ओरडले. लोक बघत होते, बघू देत! "तो आमचो होतो! दुसऱ्याच्या नावान जळलो, आणि तू गप रवलंस?"

"माझो खंय जळलो ता माका कळला," आई म्हणाली. "तिचो अजून पाण्यात आसा. ता तिका मी सांगू?"

गावात तिनं कुणाला काही सांगितलं नाही. हरीचे दिवस केले नाहीत, कारण गावाच्या लेखी तो सापडलाच नव्हता. लोक धीर द्यायचे, येईल म्हणायचे, आणि मी दात खाऊन ऐकायची. मी तिच्याशी महिनाभर धड बोलले नाही.

मग एका बाजारी ती म्हणाली, कसालला चल. तुळसेनं आम्हाला लांबूनच ओळखलं.

"गोंदाण बरा बसला मा गो? पुसूक नाय मा?"

"नाय गो बाय," आई म्हणाली. "बारा दिवस खाऱ्या पाण्यात रवला, एक ठिपको पुसूक नाय."

तुळसेनं हातातली सुई खाली ठेवली. आई तिच्या शेजारी जमिनीवर बसली आणि हरी गेल्यापासून पहिल्यांदा रडली.